किल्ली दाबेपर्यंत स्लीप उठतच नाही: एक्सव्ही६ची आयडल लूप आणि बंद केलेला टिक

खिडकीजवळची (बुधवार, रात्री ११:४०)

नमस्कार. लांबलचक लिहिते आहे, पण अर्धवट सांगितलं तर कोणाला काही धरता येणार नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. प्रॅक्टिकलला एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम घेतो, रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवाली, क्यू-एमू या एम्युलेटरमध्ये चालवून. आमच्याकडे दुपारी वीज जाते आणि मुलं लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करतात. आमची प्रत जुनी. तिच्यातला शेड्युलर (पुढे कोणती प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, चालवायची ते ठरवणारा भाग) काम नसलं तरी प्रोसेसच्या तक्त्यावरून अखंड फिरत राहतो. म्हणजे शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम) नुसता डॉलरचं चिन्ह दाखवून बसलेला असतो आणि इकडे क्यू-एमूचे तीन थ्रेड शंभर टक्क्यांवर. पंखे घोंघावतात, बॅटरी तासाभरात खाली. ज्या मुलाकडे जुना लॅपटॉप आहे त्याचं प्रॅक्टिकल तिथेच संपतं. हे मला गेली दोन वर्षं सलतंय, म्हणून या सुट्टीत हात घातला.

केलं ते असं. तक्त्याची एक पूर्ण फेरी होऊन एकही तयार प्रोसेस सापडली नाही तर डब्ल्यूएफआय, म्हणजे इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) येईपर्यंत कोरने झोपायचं. पण टिक, म्हणजे टाइमरचा ठरावीक ठोका, दर १०० मिलिसेकंदांनी उठवतोच. क्यू-एमूचं घड्याळ सेकंदाला १ कोटी मोजतं, आपण स्टाइमसीएमपी रजिस्टरमध्ये (पुढचा ठोका कधी द्यायचा ती वेळ इथे असते) 'आत्ता अधिक १० लाख' लिहितो, त्यामुळे सेकंदाला १० ठोके. रिकाम्या कोरला हे ठोके तरी कशाला, म्हणून दुसरी गोष्ट केली. झोपलेल्या प्रोसेसची उठायच्या वेळेनुसार रांग लावली. कोर रिकामा झाला की रांगेतली पहिली वेळ स्टाइमसीएमपीत, आणि रांग रिकामी असेल तर सर्वांत मोठा आकडा, म्हणजे टिक बंदच.

पंखे शांत झाले. पण आता हे चार प्रकार होतात:

पहिला, मूळ दुखणं. फोर्क करून (प्रोसेसची प्रत काढून) २० चाइल्ड प्रोसेस तयार करणारा आणि प्रत्येकीला पुन्हापुन्हा १ ते ३० टिक झोपवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. तीन-चार मिनिटं नीट चालतो आणि मग सगळं थिजतं. एंटर दाबला की जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे सुरू. एक कोर दिला तर लवकर होतं, तीन दिले तर क्वचित.

दुसरा, शोधायला प्रिंटएफ (स्क्रीनवर ओळ छापणारी आज्ञा) घातला की थिजणं गायब.

तिसरा, अर्धा तास नुसतं ठेवलं तर अपटाइम (चालू झाल्यापासूनचा वेळ) दोन मिनिटं दाखवतो.

चौथा, कधी कधी मुलाने लिहिलेला अनंत लूपचा प्रोग्राम चालू केला की शेल मेलाच. पूर्वी हळू व्हायचा, पण चालायचा.

टाइमरचं रजिस्टर चुकीचं लिहितेय असा संशय होता. दोन रात्री तेच तपासतेय. आकडा बरोबर आहे.

पहाटपाळी (गुरुवार, पहाटे ५:१०)

मॅडम, रजिस्टर निर्दोष आहे. पहिलं आणि दुसरं दुखणं एकच, तिसरं नि चौथं वेगवेगळं. पहिल्यापासून घेतो, कारण कर्नल लिहिणारा प्रत्येकजण या वाटेने एकदा जातोच.

तुमच्या शेड्युलरच्या फेरीच्या सुरुवातीला इंटरप्ट चालू करणारी ओळ असेल. मग तक्त्याची फेरी, मग 'काहीच नाही' आणि डब्ल्यूएफआय. आता असं समजा, रांगेत एकच प्रोसेस उरली आहे, तक्त्यात तिचा क्रमांक ५. फेरी ५ ओलांडून ४० वर पोचली आणि तेवढ्यात टाइमर वाजला. हँडलर (इंटरप्ट हाताळणारा कोड) चालला, ५ नंबरला तयार केलं, रांग रिकामी झाली म्हणून स्टाइमसीएमपीत सर्वांत मोठा आकडा टाकला आणि परतला. फेरी ४१ पासून पुढे. तक्त्यातल्या सगळ्या ६४ जागा झाल्या, काहीच सापडलं नाही. डब्ल्यूएफआय. ज्या इंटरप्टची वाट बघत कोर झोपला तो येऊन, पाहुणचार घेऊन, निघूनही गेला आहे. आता त्याला उठवणारं उरलं एकच, तुमचा कीबोर्ड.

टिक चालू होता तेव्हाही हे होतच होतं. १०० मिलिसेकंदांत पुढचा टिक येऊन चूक पोटात घालत होता इतकंच. तुम्ही टिक काढला आणि ती उघडी पडली.

प्रिंटएफने गायब होतं त्याचं कारणही यातच आहे. यूआर्ट (कीबोर्ड-स्क्रीनची अक्षरं ने-आण करणारं उपकरण) अक्षर पाठवून झालं की स्वतःचा इंटरप्ट देतो आणि झोपलेल्या कोरला उठवतो. म्हणून या जातीच्या बगला छापून शोधायचं नाही. प्रत्येक कोरला मेमरीत ५१२ नोंदींची एक गोल वही द्या, नोंदीत फक्त वेळ आणि घटनेचा क्रमांक, आणि थिजल्यावर जीडीबी या डीबगरने वाचा.

त्याहून आधी एक करा. फेरी आणि डब्ल्यूएफआय यांच्या मध्ये ५० लाख वेळा फिरणारा पोकळ लूप घाला. माझं म्हणणं खरं असेल तर तीन-चार मिनिटांचं थिजणं काही सेकंदांवर येईल. फेरी आणि झोप यांमधली ही फट, म्हणजे खिडकी, रुंद केली की चोर हमखास दिसतो. नाही आलं तर मी चुकलो, पुढचं वाचू नका.

उपाय: डब्ल्यूएफआयच्या वेळी इंटरप्ट बंद हवेत. ऐकायला उलटं वाटतं, बंद इंटरप्टने उठणार कसा? पण रिस्क-फाइव्हच्या नियमाप्रमाणे डब्ल्यूएफआयला जागं व्हायला एसस्टेटस रजिस्टरमधला इंटरप्टचा मुख्य स्विच चालू असावा लागत नाही. एसआयई रजिस्टरमध्ये त्या त्या इंटरप्टचं बिट चालू असलं आणि इंटरप्ट दारात उभा असला की पुरे. कोर पुढच्या ओळीवर येतो, इंटरप्ट मात्र तुम्ही स्विच चालू करेपर्यंत ताटकळतो. म्हणजे बंद करा, फेरी मारा, काही नसेल तर तसंच झोपा. फेरीच्या मधोमध टाइमर वाजला तर तो दारात उभा राहील आणि डब्ल्यूएफआय झोपणारच नाही.

सध्याच्या मूळ एक्सव्ही६त हेच आहे. फेरीच्या सुरुवातीला इंटरप्ट चालू करून लगेच बंद करणाऱ्या लागोपाठ दोन ओळी दिसतील. पहिल्यांदा बघणाऱ्याला त्या निरर्थक वाटतात. ताटकळलेल्या इंटरप्टना आत घ्यायची तीच जागा आहे. आणि या दोन ओळी लूपच्या बाहेर एकदाच लिहून भागत नाही. एखादी प्रोसेस चालवून शेड्युलर परततो, तिचं लॉक सोडतो, तेव्हा पॉप-ऑफ (लॉक सोडताना इंटरप्टची आधीची स्थिती परत आणणारं फंक्शन) त्या प्रोसेसने लॉक घेतानाची स्थिती बघतो आणि इंटरप्ट पुन्हा चालू करू शकतो. त्या फेरीत काही चालवलं असल्यामुळे झोपायचा प्रश्न येत नाही, पण पुढच्या फेरीआधी बंद करायलाच हवेत.

तिसरं: ठोके मोजून वेळ काढायचं सोडा. ठोके थांबवले की मोजणी थांबणारच. टाइम रजिस्टर वाचा, सुरुवातीची वेळ वजा करा, १० लाखांनी भागा, ठोके मिळतील. ते रजिस्टर ६४ बिटांचं आहे, या गतीने भरायला ५८ हजार वर्षं लागतील.

चौथं: झोपताना टिक बंद केला, पण यूआर्टने उठवल्यावर प्रोसेस चालवायला घेताना पुन्हा चालू केला नाहीत. म्हणून त्या अनंत लूपकडून कोर काढून घ्यायला कोणी येतच नाही. प्रोसेसकडे उडी मारण्याआधी स्टाइमसीएमपीत 'आत्ता अधिक १० लाख' आणि 'रांगेतली पहिली वेळ' यांतलं जे लवकर असेल ते.

दुसरे_वर्ष_ई (गुरुवार, सकाळी ९:३०)

सर, इंटेलच्या मशीनवर इंटरप्ट बंद ठेवून हॉल्ट (कोर झोपवणारी तिथली सूचना) केलं तर कायमचं अडकतं असं आम्हाला शिकवलंय. मग तिथे ही खिडकी कशी बंद करतात?

पहाटपाळी (गुरुवार, सकाळी १०:०५)

बरोबर शिकवलंय. तिथे वेगळी सोय आहे. इंटरप्ट चालू करणाऱ्या एसटीआयचा परिणाम त्याच्या पुढची एक सूचना पार पडेपर्यंत लागू होत नाही. म्हणून एसटीआय आणि हॉल्ट अगदी चिकटून लिहितात. दोघांच्या मध्ये इंटरप्ट घुसूच शकत नाही, तो हॉल्टमध्ये शिरल्यावरच येतो आणि उठवतो. मध्ये एखादी निरुपद्रवी ओळ, अगदी एक मोजमापाची नोंद घातली तरी खिडकी पुन्हा उघडली. लिनक्समध्ये या दोन सूचना एकाच असेम्ब्लीच्या तुकड्यात असतात त्या यासाठीच.

आर्म प्रोसेसर रिस्क-फाइव्हसारखं वागतं. सगळ्यांत अवघड जुन्या मिप्स प्रोसेसरचं. तिथे वेट सूचनेला यातलं कोणतंच संरक्षण नव्हतं. लिनक्सने तिथे इंटरप्टच्या हँडलरमध्येच तपास ठेवला. इंटरप्ट आला तेव्हा प्रोग्राम काउंटर (पुढच्या सूचनेचा पत्ता) 'तपासणी ते वेट' या चिमुकल्या पट्ट्यात असेल, तर परतताना त्याला पट्ट्याच्या सुरुवातीला नेऊन सोडायचं, म्हणजे तपासणी पुन्हा होते. मला हा उपाय फार सुंदर वाटतो. हार्डवेअरने जे दिलं नाही ते परतीचा पत्ता बदलून मिळवलं.

कोकणकडा (गुरुवार, दुपारी ३:२०)

वर सगळं नीट आलंय. टाइमरच्या बाजूने एक भर घालतो, कारण मॅडमनी पहिला संशय टाइमरवर घेतला होता आणि दुसऱ्या हार्डवेअरवर तो संशय खरा ठरला असता.

पंधराएक वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या मोजमापाच्या यंत्रावर काम करत होतो. आत साधा इंटेल बोर्ड आणि आमचा स्वतःचा लहान कर्नल. यंत्र आठवड्यातून एकदा थिजायचं आणि आपोआप चालू व्हायचं. ऑपरेटरला वाटायचं वीज कमीजास्त होतेय. एका ऑपरेटरने मात्र भिंतीवरच्या घड्याळात बघून वहीत लिहून ठेवलं होतं: 'पाच मिनिटं'. पुढच्या वेळी पुन्हा 'पाच मिनिटं'. त्या वहीने आमचे दोन महिने वाचवले.

त्या बोर्डावरचा एचपीईटी हा टाइमर सेकंदाला १ कोटी ४३ लाख १८ हजार १८० मोजायचा. आम्ही तो ३२ बिटांत वापरत होतो. ३२ बिटांची मोजणी एकदा फिरून यायला जवळजवळ ३०० सेकंद लागतात. आणि त्याचा कम्पॅरेटर (मोजणी लिहिलेल्या वेळेशी ताडून बघणारा भाग) 'मोठा किंवा समान' बघत नाही, फक्त 'समान' बघतो. आम्ही अगदी जवळची वेळ लिहायला घेतली, लिहीपर्यंत काउंटर तिच्यापुढे निघून गेला की ती वेळ हुकली. आता मोजणी पूर्ण फिरून पुन्हा त्या आकड्यावर येईल तेव्हाच इंटरप्ट. म्हणून पाच मिनिटं.

उपाय दोन ओळींचा. वेळ लिहिल्यावर काउंटर पुन्हा वाचायचा. फरक फार कमी किंवा उणे असेल तर 'वेळ गेली' असं कळवून पुढची वेळ लिहायची. लिनक्सचा एचपीईटीचा कोडही असंच वाचून बघतो. मॅडम, तुमच्या स्टाइमसीएमपीला हा धोका नाही. तिथे 'टाइम त्याच्याइतका किंवा मोठा' अशी तुलना आहे, मागची वेळ लिहिली तर इंटरप्ट ताबडतोब दारात. म्हणून तुमचा आकडा तपासून काही हाती लागलं नाही.

दुसरं, रांगेतल्या वेळांची तुलना कशी करता? 'आत्ता' आणि 'उठायची वेळ' यांची थेट मोठं-लहान तुलना ३२ बिटांवर कधीही करू नका. वजाबाकी करून चिन्ह बघा. १,००० ठोक्यांच्या गतीने ३२ बिटं ४९.७ दिवसांत फिरतात, १०० च्या गतीने ४९७ दिवसांत. एवढा वेळ कोणी टेस्ट चालू ठेवत नाही, म्हणून लिनक्सचा जिफीज हा मोजणीचा आकडा शून्यापासून सुरू न करता मुद्दाम गुंडाळीच्या, म्हणजे आकडा भरून पुन्हा शून्यावर येण्याच्या, पाच मिनिटं अलीकडून सुरू करतात. ज्याच्या कोडमध्ये ही चूक आहे त्याला ती चालू केल्यावर सहाव्या मिनिटाला कळते. तुमचा टिकचा आकडाही तसाच सुरू करा.

आणि एक मत. टिक पूर्ण बंद करू नका, जास्तीत जास्त एक सेकंदाचा बांध ठेवा. यंत्र कायमचं झोपण्यापेक्षा सेकंदभर उशिरा उठलेलं बरं.

पहाटपाळी (गुरुवार, दुपारी ४:००)

एचपीईटीची गोष्ट लाख मोलाची, पण बांधाबद्दल माझं मत उलट आहे. गिऱ्हाईकाकडे जाणाऱ्या यंत्रात ठेवा, जरूर. पण मुलांच्या लॅबमध्ये आणि शोध चालू असताना बांध नकोच. १०० मिलिसेकंदांचा टिक इतकी वर्षं जे लपवत होता तेच एक सेकंदाचा बांध लपवेल. मग 'कधी कधी जरा उशीर होतो' एवढीच तक्रार उरते आणि अशा तक्रारीमागे कोणी जात नाही.

कोकणकडा (गुरुवार, दुपारी ४:२५)

मान्य, पण बांधाने उठवलं आणि तेव्हा करायला काम सापडलं, तर ती नोंद करायची. उठल्यावर काम सापडणं म्हणजे कुठेतरी जाग हुकली आहे. त्या नोंदींची संख्या शून्य येईपर्यंत शोधत राहायचं. असा बांध काही लपवत नाही.

पहाटपाळी (गुरुवार, दुपारी ४:३०)

हे पटलं. मीही असंच करेन यापुढे.

खिडकीजवळची (शुक्रवार, रात्री १:१५)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. क्रमाने सांगते.

५० लाखांचा पोकळ लूप घातला. एका कोरवर चौथ्या सेकंदाला थिजलं. पुन्हा केलं, सहाव्या सेकंदाला. दोन रात्री जे पकडता आलं नाही ते हुकमी समोर आलं. जीडीबी लावला तर कोर डब्ल्यूएफआयपाशी आणि तक्त्यात तीन प्रोसेस तयार, कोणी न्यायला नाही. स्क्रीनकडे बघताना अंगावर काटा आला.

मग पोकळ लूप तसाच ठेवून इंटरप्ट बंद करून फेरी केली. एक तास चालू ठेवलं, थिजलं नाही. लूप काढला, दिवसभर चालू ठेवलं, संध्याकाळी शेवटची ओळ छापलेली होती.

अपटाइम टाइम रजिस्टरवरून केला, बरोबर येतो. अनंत लूपवाला प्रोग्राम चालू असतानाही शेल चालतो. टिकचा आकडा गुंडाळीच्या पाच मिनिटं आधीपासून सुरू केला आणि माझी स्वतःचीच एक चूक सापडली. रांगेत घालताना थेट तुलना केली होती. गुंडाळीनंतरची वेळ लहान दिसून नवी प्रोसेस रांगेच्या डोक्यावर जाऊन बसत होती. वजाबाकी केली.

तीन कोरवर वेगळंच दिसलं. रांग एकच होती आणि तिच्याकडे बघायचं काम शून्य नंबरच्या कोरचं. एक नंबरच्या कोरवरच्या प्रोसेसने अर्ध्या सेकंदाची झोप मागितली, पण शून्य नंबर आधीच तीन सेकंदांची वेळ लावून झोपलेला. एका कोरला दुसऱ्या कोरचं स्टाइमसीएमपी लिहिता येत नाही, ते ज्याचं त्याचंच. मग प्रत्येक कोरला स्वतःची रांग दिली. ज्या कोरवर झोप मागितली त्याच्याच रांगेत नाव, त्यानेच उठवायचं. कोणत्या कोरवर आहोत हे विचारल्यापासून रांगेत नाव घालेपर्यंत इंटरप्ट बंद ठेवले, नाहीतर मधल्या मध्ये प्रोसेस दुसऱ्या कोरवर जायची.

आता उरलं एक. तीन भरपूर गणित करणारे प्रोग्राम एकदम चालू केले तर यजमान मशीनवर क्यू-एमूचा एकच थ्रेड तापलेला दिसतो. बाकी दोन कोर गाढ झोपेत. चुकीचं काही होत नाही, सगळे प्रोग्राम पूर्ण होतात, पण एकाच कोरवर आळीपाळीने.

पहाटपाळी (शुक्रवार, पहाटे ५:२५)

अपेक्षित आहे. फोर्कने नवी प्रोसेस तयार केली हे झोपलेल्या कोरला कोण सांगणार? पूर्वी टिक सांगायचा. आता तुम्हालाच हाक मारावी लागेल, म्हणजे एका कोरने दुसऱ्याला इंटरप्ट पाठवायचा. क्यू-एमूच्या वर्ट नावाच्या मशीनवर क्लिंटमध्ये (टाइमर आणि कोरांमधल्या हाका सांभाळणारा भाग) प्रत्येक कोरसाठी चार बाइटचं एक घर असतं. त्यात १ लिहिला की त्या कोरला मशीन मोडचा (सर्वांत वरच्या अधिकाराच्या पातळीचा) सॉफ्टवेअर इंटरप्ट जातो. एक्सव्ही६चा कर्नल त्याखालच्या सुपरवायझर मोडमध्ये असल्यामुळे मशीन मोडमध्ये छोटा हँडलर लागेल. त्याने क्लिंटचं घर पुसायचं आणि सुपरवायझरचं सॉफ्टवेअर इंटरप्टचं बिट लावायचं. वीसेक ओळींचं असेम्ब्ली.

हाक कोणाला मारायची यासाठी प्रत्येक कोरचा 'मी झोपतोय' असा झेंडा ठेवा. झेंडा फेरीच्या आधी लावायचा, नंतर नाही. झेंडा, मग मेमरीचा फेन्स (आधीचं लिहिणं पूर्ण झाल्याशिवाय पुढचं वाचू न देणारी सूचना), मग फेरी. तयार करणाऱ्याने उलट क्रमाने: आधी प्रोसेस तयार, मग फेन्स, मग झेंडा बघायचा. म्हणजे दोघांपैकी एकाला तरी दुसरा दिसतोच. हा क्रम उलटला तर पहिलाच बग दोन कोरच्या मध्ये नव्याने जन्माला येईल.

खिडकीजवळची (शुक्रवार, रात्री १०:५०)

फेन्सचं समजलं. उद्या हँडलर लिहायला घेते.

सोमवारी बॅच आहे. त्यांना दुरुस्त केलेला कर्नल देत नाहीये. आधीचा, पोकळ लूप घातलेला देणार, सोबत जीडीबी आणि गोल वही. वीज दुपारी दोनला जाते. पहिल्या गटाने तोवर शोधलं तर दुसऱ्या गटाला बॅटरी पुरेल असा दुरुस्त कर्नल त्यांनीच द्यायचा आहे.